मामा यायच्या आधीचा अभ्यास

त्या सकाळी अप्पा पहिल्यांदाच आमच्या चटईवर येऊन बसले. मांडी घालताना त्यांचे गुडघे कडाकड वाजले, तशी माझी धाकटी बहीण दाफी खुदकन हसली. फळ्याजवळ उभ्या असलेल्या मेईने तिच्यावर डोळे वटारले.

"हसायचं न्हाई. वर्गात नवीन पोरगा आलाय."

"नाव सांग, नवीन पोरा," मी म्हणाले.

"हवालदार शंकर होडगे, आर्मी एज्युकेशन कोर, निवृत्त!" अप्पा ताठ बसून ओरडले. "खासी भाषेत भोपळा, मॅडम!"

"ते मला लग्नापासनं ठावं हाय," मेई म्हणाली आणि तिने खडू उचलला.

मेई म्हणजे आमची आई, इबा. खासी भाषेत आईला मेई म्हणतात, आणि आम्ही दोघी बहिणींनी तिला दुसरी कुठली हाक कधी मारलीच नाही. अप्पा शिलाँगच्या छावणीत जवानांना शिकवायला होते तेव्हा त्यांचं जमलं. नोकरी संपल्यावर ते तिला घेऊन आजऱ्याजवळच्या आपल्या गावी आले. मराठी ती अप्पांच्या तोंडून शिकली. अप्पा तिला 'तू' म्हणायचे, म्हणून तीही त्यांना 'तू' म्हणायची. विहिरीवरच्या बायका ते ऐकून पदर तोंडाशी धरायच्या. मेईला कारण कधीच कळलं नाही, आणि अप्पांनीही सांगितलं नाही. त्यांना ते आवडायचं, असं मला आता वाटतं.

आम्ही शाळेत जात नव्हतो. खरं तर मी पहिलीला थोडे दिवस गेले होते. पोरं मला चिनी म्हणायची आणि बोटांनी डोळे ताणून दाखवायची. एखादीने उलट दोन ठेवून दिल्या असत्या, पण मी तशी नव्हते. मी बोलणंच बंद केलं. आधी शाळेत, मग घरीही. एके दिवशी अप्पांनी माझं दप्तर खुंटीवरून काढलं, त्यातल्या वह्या बाहेर घेतल्या आणि दप्तर कपाटावर टाकून दिलं. "अंगठेबहाद्दर जवानांना नकाशे वाचायला शिकवलेत मी," ते म्हणाले. "माझ्या पोरीला मी शिकवतो." त्या दिवसापासून आमच्या पडवीत शाळा भरायला लागली. प्लायवूडचा फळा, एक चटई, आणि पुढे दाफी मोठी झाल्यावर दोन मुली. सकाळी गणित, मग इंग्रजी, मग होकायंत्र घेऊन शेतात भूगोल. दाफीला तर शाळा म्हणजे बाहेरची एखादी इमारत असते हेच बरेच दिवस माहीत नव्हतं. शाळा म्हणजे अप्पा.

मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं होतं. खासी मात्र वेळापत्रकात नव्हती. मेई आम्हाला निजवताना काहीबाही गुणगुणायची, चिडली की दोन शब्द फेकायची, तेवढीच. बाकी दिवसभर तीही गावासारखंच बोलायची. लई, न्हाई, कशापायी. कधी कधी ती चुलीपुढे एकटीच काहीतरी पुटपुटायची, आणि कुणी आलं की गप्प व्हायची.

मग शानबोरमामाचा फोन आला. आजऱ्याच्या स्टँडसमोरच्या फोनच्या दुकानात निरोप होता, म्हणून अप्पा दुसऱ्या दिवशी जाऊन बोलून आले. येताना त्यांचा चेहरा उतरला होता.

"तुझा भाऊ येणाराय, फेब्रुवारीत," त्यांनी मेईला सांगितलं. "पोरी काय शिकत्यात, कशा वाढत्यात ते बघायला. तुझ्या आईनं धाडलंय म्हणे."

मेई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "आईची तब्येत?"

"अंथरुणाला खिळलीय. तुझी थोरली बहीण गेल्यापासनं घरात बाईमाणूस न्हाई." अप्पा पायरीवर बसले. "मला कळतंय गं तो कशाला येतोय ते. पोरी शाळेत जात न्हाईत हे कुणीतरी घातलंय त्यांच्या कानावर. बाप अडाणी ठेवतोय म्हणतील आणि उचलून नेतील. तुमच्यात पोरांवर मामाचा हक्क. बापाला कोण विचारतंय?"

"येऊ दे. भाऊ हाय माझा," मेई म्हणाली आणि परत तांदूळ निवडायला लागली.

तेव्हापासून घरात एकच विषय होता. मामासमोर आम्ही चमकलो की मामा मुकाट्याने परत जाणार. अडखळलो की आम्हाला घेऊन जाणार. अप्पांनी हे इतक्या वेळा सांगितलं, की मला स्वप्नातसुद्धा मामा दिसायचा आणि त्याच्या हातात गोणपाटाचं पोतं असायचं. मामाला मी कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे स्वप्नात त्याला तोंड नसायचं.

खासी शिकायची कल्पना अप्पांचीच. "त्याच्याच भाषेत उत्तरं दिली तर तोंडच बंद हुईल त्याचं," ते म्हणाले आणि स्वतः पोरांच्या चटईवर येऊन बसले.

ते दोन महिने आमच्या घरातले सगळ्यात सुखाचे होते. मी पुष्कळदा विचार करून पाहिलाय. दुसरे कुठलेच दिवस त्यांच्या जवळपास येत नाहीत.

मेई शिकवायला उभी राहिली आणि आम्हाला कळलं की आपण हिला ओळखतच नव्हतो. मराठी बोलताना तिचा आवाज कसा दबल्यासारखा असायचा. खासी बोलायला लागली की तो छातीतून यायचा. ती विनोद करायची. नकला करायची. तिच्या गावात म्हातारी माणसं कशी खाकरतात, सुपारीच्या झाडावर पोरं कशी चढतात, सगळं करून दाखवायची. ट्रंकेच्या तळातून तिने आपला खांद्यावर पिन लावायचा खासी पोशाख काढला आणि आठवडाभर तोच नेसून भाकऱ्या थापल्या. विहिरीवर जाऊन आली, बायका बघत राहिल्या, पण तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

"वेई, आर, लाय, सॉ, सान," आम्ही ओरडायचो. एक, दोन, तीन, चार, पाच. अप्पा नांगरताना बैलांना खासीत आकडे म्हणून दाखवायचे.

"फि ला बाम जा?" मेई विचारायची. म्हणजे जेवलात का. त्यांच्यातही माणूस भेटला की हेच विचारतात, याचा अप्पांना इतका आनंद झाला की ते दिवसभर ज्याला त्याला तेच विचारत सुटले. दुपारी पोस्टमनलाही विचारलं.

अप्पांची जीभ मात्र वळायची नाही. मी बरी होते. पण दाफीला ते सगळं पाण्यासारखं आलं. सात वर्षांची पोर, पण एकदा ऐकलेला शब्द तिच्याकडून सुटायचा नाही. मेईने आम्हाला तिच्या घराण्यातल्या बायकांची नावं शिकवली. मेईची आई, तिची आई, तिची आई, अशी मागे मागे. खासी लोकांत कूळ आईकडून चालतं. आम्ही गावात होडगे असलो तरी तिकडच्या हिशोबाने खोंगसित होतो. ती नावं म्हणताना माझी मधलीच एखादी आजी गळायची. दाफीची कधीच गळली नाही.

"ही तर तिथलीच वाटती," एकदा अप्पा कौतुकाने म्हणाले.

मेईने चटकन त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तिचं तोंड उघडलं. मग तिने फळा पुसायला घेतला आणि पुसून झाला तरी पुसत राहिली.

मामा आला तेव्हा काजूला मोहोर होता. एस.टी.तून उतरलेला माणूस मेईएवढाच बुटका होता. डोक्यावर कानटोपी, गळ्यात मफलर, हातात छत्री, आणि चेहरा थेट मेईचा. स्वप्नातल्या मामाला अखेर तोंड मिळालं, आणि ते इतकं ओळखीचं निघालं की मला त्याची भीतीच वाटेना. मेई त्याच्या गळ्यात पडून रडली. तोही रडला. अप्पा त्याची पिशवी हातात धरून बाजूला उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत आमची परीक्षा झाली. अप्पांनी आदल्या दिवशी फळा काळा रंगवून घेतला होता. आम्हा दोघींच्या वेण्या त्यांनी स्वतः घातल्या, त्यामुळे त्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या उंचीवर होत्या. मामा खुर्चीवर बसला. मेई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

आधी मी. मी भारताचा नकाशा काढला आणि त्यात न चुकता नद्या भरल्या. तीसपर्यंतचे पाढे म्हटले. इंग्रजी वर्तमानपत्रातली बातमी वाचून तिचा अर्थ हिंदीत सांगितला. होकायंत्राने चिंचेच्या झाडाची दिशा सांगितली. अप्पांचा चेहरा नुसता फुलला होता. मामा प्रत्येक वेळी मान हलवायचा. "बहुत अच्छा," म्हणायचा. पाहुणा चहाला चांगला म्हणतो ना, तसं.

मग दाफी उभी राहिली आणि मामा खुर्चीत पुढे सरकून बसला.

"मामा, फि ला बाम जा?" तिने विचारलं.

मामा हसला. त्याने तिला खासीत काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं. परत विचारलं, परत उत्तर. मग तिने घराण्यातल्या बायकांची नावं म्हटली. शेवटच्या दोन नावांना मामाने कानटोपी काढून मांडीवर ठेवली. त्यानंतर त्याने जो प्रश्न विचारला, तो मेईने आमच्याकडून घोकून घेतलेला नव्हता.

"घरात म्हातारं माणूस खोकलं, तर कोण उठतं?"

"मी," दाफी म्हणाली.

"तू का? ताई का नाही?"

"ताई मोठी आहे," दाफीने खासीतच सांगितलं. "ती घोरते."

अप्पा मोठ्याने हसले, कारण एवढं त्यांनाही समजलं. मीही हसले. मामा हसला नाही. त्याने दाफीला जवळ ओढलं, तिच्या कपाळाला कपाळ लावलं, आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं.

"पास का, साळेसाहेब?" अप्पांनी हिंदीत विचारलं.

"पास," मामा म्हणाला.

अप्पांनी मला उचलून गिरकी घेतली. अकरा वर्षांच्या घोडीला! मग गूळखोबरं आणायला आत पळाले. चौकटीजवळून जाताना त्यांनी मेईच्या पाठीत आनंदाने थाप मारली. मेई तशीच उभी होती. तिला पाहून मी हसायची थांबले.

जेवणं झाल्यावर मामाने सांगितलं. तो आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत होता, पण इतका सावकाश, की एकही शब्द निसटायला वाव नव्हता.

त्यांच्यात घर धाकट्या मुलीचं असतं. तिला खातदुह म्हणतात. आईबापांना शेवटपर्यंत तिनेच सांभाळायचं, चूल तिनेच पेटती ठेवायची, घराण्याची माणसं कुठूनही परत आली तर दार तिनेच उघडायचं. मेई त्या घरातली धाकटी. ती लग्न करून इकडे निघून आली, तेव्हा थोरलीने घर धरलं. थोरली गेली. तिला मुलगेच. आता म्हातारी अंथरुणावर पडून विचारते, घराचं काय? मेईची धाकटी म्हणजे दाफी.

"पण आई म्हणाली होती, इबाची मुलगी परकी झाली असेल. आपली भाषा नाही, आपली माणसं ठाऊक नाहीत, तर उगाच त्या पोरीला उपटून आणू नको. नुसता बघून ये. तसं असेल तर घर मावसबहिणीच्या मुलीला देऊन टाकू. तीसुद्धा चांगली मुलगी आहे." मामाने अप्पांच्या हातावर हात ठेवला. "मी खरं सांगतो, भावजी. मी तेच बघायला आलो होतो. चहा प्यायचा, दोन दिवस राहायचं आणि परत जायचं. मला काय ठाऊक, तुम्ही तिला इतकं चांगलं शिकवलं असेल म्हणून?"

अप्पा मामाच्या हाताकडे बघत राहिले. गूळखोबऱ्याची वाटी तिथेच होती, तिच्यावर माशा बसत होत्या.

"सात वर्षांची हाय ती," शेवटी ते मराठीत म्हणाले.

मामाने मेईकडे पाहिलं. मेईने खाली मान घालूनच त्याला ते खासीत सांगितलं.

"एकटी कशाला?" मामा म्हणाला. "इबा येईल. तुम्हीही या, मोठीला घेऊन. आमच्यात नवरा बायकोच्याच घरी राहतो. तुमचा मान राहील. तिथेही शाळा भरवा."

मामा दाफीला घेऊन ओढ्याकडे गेला, तेव्हा अप्पा आणि मेई परसात बोलले. मी गोठ्यात गवत टाकत होते. मला तिथून हाकलायचं भान कुणालाच नव्हतं.

"तुला ठावं हुतं?" अप्पांनी विचारलं.

"व्हय."

"पयल्यापास्नं?"

"तू फोनवरनं येऊन सांगितलंस तवाच. आई कशाला भाऊ धाडती, ते मला न कळायला काय झालं?"

"मग बोलली का न्हाईस? एक शब्द बोलली असतीस इबा! मी तिला एक अक्षर शिकू दिलं नसतं!"

मेईचा आवाज आला, आणि तो परत पूर्वीसारखा दबका झाला होता.

"सांगणार हुते. रोज सकाळी सांगणार हुते. पण तू चटईवर बसलेला असायचास. पोरी माझ्या भाषेत भांडायच्या. या घरात आल्यापास्नं पयल्यांदा मी दिवसभर माझ्या भाषेत बोलत हुते, शंकर, आणि समोरून कुणीतरी बोलत हुतं. आजचा एक दिवस हुंदे, उद्या सांगते, असं म्हणायची. ते बंद करायचं माझ्या जिवावर आलं."

मला वाटलं अप्पा ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तू चल ना," मेई म्हणाली. "चौघं जाऊ."

"घरजावई म्हणून?" अप्पा म्हणाले. "पेन्शन खात बायकोच्या घरात बसू? गाव काय म्हणंल? माझं शेत कोण बघंल? भाऊ हसतील."

"मी तुझ्या घरात इतकी वर्सं ऱ्हायले. मला कुणी हसलं न्हाई."

"तुझं येगळं. बाईमाणसाचं तसंच असतंय."

"माझ्यात तसं नसतंय," मेई म्हणाली.

मी गोठ्यातून बघत होते. दोघंही चांगली माणसं होती आणि दोघांचंही खरं होतं. अकराव्या वर्षी हे बघायला मिळू नये. कुणीतरी एक वाईट असलं की बरं पडतं.

संध्याकाळी मी मामाला एकटं गाठलं. तो पायरीवर बसून सुपारी कातरत होता.

"मला न्या," मी त्याला खासीत म्हटलं. वाक्य मी मनात कितीदा तरी जुळवून पाहिलं होतं. "मी मोठी आहे. मला स्वयंपाक येतो. मी घोरणार नाही. दाफीला अप्पांजवळ राहू दे."

मामाने सुपारी बाजूला ठेवली. माझी एक वेणी सुटली होती, ती त्याने नीट बांधून दिली.

"तू फार चांगली मुलगी आहेस," तो म्हणाला. "तू कधीही ये. तुला कुणी दार लावणार नाही. पण घर धाकटीचंच असतं, बाळा. ते मी ठरवलेलं नाही."

म्हणजे मी कितीही चांगली असले तरी मला कुणी न्यायला आलेलं नव्हतं. नद्या भरल्या, पाढे म्हटले, सगळं वायाच. मला दाफीचा राग आला आणि त्याच वेळी तिला कुठेतरी लपवून ठेवावंसं वाटलं.

मेई गेली ती म्हातारी बरी होईपर्यंत असं म्हणून. दाफी गेली ती मेईबरोबर. "अप्पाला एकटं ठेवायचं न्हाई," मेई मला म्हणाली. मला इकडे का ठेवलं, याचं तिने दिलेलं कारण एवढंच. स्टँडवर तिने मला इतकं घट्ट धरलं होतं की मामाला तिला सोडवून घ्यावं लागलं. दाफीला काही कळलेलं नव्हतं. तिला डोंगर बघायचे होते, ढग बघायचे होते. खिडकीतून ती अप्पांना खासीत ओरडून विचारत होती, तुम्ही कधी येणार? अप्पांना ते समजलं. त्यांनी नुसता हात हलवला.

म्हातारी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. मेई मधे दोनदा आली, थोडे थोडे दिवस राहिली आणि परत गेली. दाफी एकदाही आली नाही. घर सोडून तिला येता येत नाही. फोनवर आम्ही हिंदीत बोलतो. तिचं मराठी आता राहिलेलं नाही आणि माझं खासी कच्चंच आहे. ती खुशाल आहे. तिला दोन मुली आहेत, आणि धाकटी फार हुशार आहे म्हणते.

पण मला सांगायचा आहे तो त्या वर्षीचा जून.

त्या दोघी गेल्यावर अप्पांनी शाळा चालू ठेवायचा प्रयत्न केला. रोज सकाळी ते फळ्यापुढे उभे राहायचे. खडू हातात घ्यायचे, एखादी ओळ लिहायचे, आणि मग त्यांच्या लक्षातच राहायचं नाही की पुढे काय. मी चटईवर बसून राहायचे. मी काही विचारलं तर ते दचकायचे. मे महिन्यात तर ते नुसते उभे राहायचे, आणि ऊन पडवीत आलं की "जा, खेळ" म्हणायचे. कुणाशी खेळणार?

जूनमध्ये एका सकाळी ते म्हणाले, "वैजू, चांगला फ्रॉक घाल. तुला शाळेत घालतो. माझ्यानं न्हाई हुत आता."

गावच्या शाळेचे गुरुजी बदलले होते. नवे गुरुजी बोलायला मऊ होते. वर्गात पोरांचा गलका चालला होता. खिडकीतून दोन पोरांनी मला बघितलं आणि एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. पण या वेळी मी तोंड बंद केलं नाही. मला त्या दिवशी बोलायचं होतं. काय बोलायचं ते मी वाटेतच ठरवलं होतं.

"कितवीत बसवायची ते बघू," गुरुजी म्हणाले. "सात आठे किती, बाळ?"

"येत न्हाई," मी म्हणाले.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

"बरं. पाच पाचे?"

"येत न्हाई."

"आपल्या जिल्ह्यातली एखादी नदी सांग. मोठी नसली तरी चालेल."

मला त्या सगळ्या ठाऊक होत्या. कुठे उगम पावतात, कुणाला मिळतात, सगळं. नकाशात डोळे मिटून भरल्या असत्या. "न्हाई येत."

गुरुजींनी पाटी पुढे केली. "नाव लिही."

मी पेन्सिल हातात धरली आणि पाटीवर एक वाकडी रेघ काढली. मग दुसरी काढली. पुढे काही काढलं नाही. बरोबर उत्तरं दिली म्हणून आमच्याकडची दोन माणसं गेली होती. आता अप्पांकडे मी एकटीच उरले होते, आणि मला कुणी न्यायला येऊ नये, मग कुणी मला ढ म्हटलं तरी चालेल, एवढंच मला हवं होतं.

गुरुजींनी पाटी परत घेतली. अप्पांसाठी त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं हे दिसत होतं. ते अप्पांशी अगदी हळू बोलले.

"हवालदारसाहेब, राग मानू नका. पलटणीत एवढ्या जवानांना शिकवलंत, असं गावात सांगतात. आणि स्वतःच्या पोरीला इतक्या वर्षांत काहीच शिकवलं नाहीत?"

अप्पा माझ्याकडे बघत होते. मी कुठे चुकते आणि कुठे चुकूच शकत नाही, हे त्यांच्याइतकं जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला वाटलं, आता सांगतील. माझा नकाशा आणून दाखवतील. त्यांनी आयुष्यात दुसरं कशाचं नाव कमावलं होतं? शिकवण्याचंच ना. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"न्हाई गुरुजी," ते म्हणाले. "काईच न्हाई शिकवलं. ऱ्हाऊन गेलं."

"तिसरीत बसवतो मग. बघू."

"बसवा."

तिसरीचा वर्ग ओसरीच्या टोकाला होता. अप्पांनी माझा हात धरला. सगळी पोरं बघत होती, मी त्यांच्याहून हातभर उंच होते, तरी दारापर्यंत त्यांनी तो सोडला नाही.